सामायिक फोल्डर : जागा कोणाची, भार कोणाच्या खात्यावर?

पेण/रोहा, खास प्रतिनिधी

पेण शहर आणि लगतच्या हमरापूर, जोहे परिसरातील गणपतीच्या कारखान्यांत एक गणेशोत्सव संपतो न संपतो तोच पुढील वर्षाच्या कामाला हात घातला जातो. पूर्वी व्यापारी स्वतः येऊन नमुने पाहत आणि मागणी नोंदवून जात. पुढे छायाचित्रांचे अल्बम आले. आता मोबाइलवर काढलेली छायाचित्रे इंटरनेटवरील एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्याची लिंक दादर, पुणे किंवा थेट परदेशातील व्यापाऱ्याला पाठवायची, ही सोय कोणालाही उपलब्ध आहे. तिकडे रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत कामे घेणाऱ्या लहान ठेकेदारालाही बिले, चलने आणि हजेरीपत्रके आपल्या कर सल्लागारापर्यंत याच मार्गाने पोहोचविता येतात.

ही सोय वापरणाऱ्याला कधी ना कधी एक सूचना येतेच : 'आपली साठवणुकीची जागा संपत आली आहे.' मग प्रश्न पडतो. फोल्डर तर दुसऱ्याचे, मग माझी जागा कशी भरली? किंवा याच्या उलट, मी काहीच ठेवले नाही, मग माझ्या फोल्डरमध्ये एवढा भार आला कोठून? घाबरून जाऊन काही जण दिसेल ती फाइल पुसू लागतात. त्यात आपली जागा मोकळी होत नाहीच, उलट सर्वांच्या कामाची फाइल नाहीशी होण्याची वेळ येते. म्हणूनच सामायिक फोल्डर आणि जागेची मर्यादा यांचा हिशेब एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हा हिशेब रायगडकरांना अधिकच महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. जुलै २०२१ मध्ये महाडला महापुराने वेढा घातला. अशा वेळी घरातील कागद आणि संगणक दोन्ही एकाच पाण्यात जाऊ शकतात. त्यामुळे महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत घराबाहेर, म्हणजे 'क्लाउड'वर ठेवण्यात शहाणपण आहे. मात्र ती प्रत खरोखर आपली आहे की दुसऱ्याच्या खात्यात पडून आहे, हे माहीत असले पाहिजे.

मोफत जागा किती?

क्लाउड म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणक केंद्रांत आपल्याला वापरण्यासाठी मिळालेली जागा. २००४ मध्ये 'जीमेल' सुरू झाले तेव्हा १ जीबी जागा हेच मोठे अप्रूप होते; इतर मोफत ई-मेल सेवांची मर्यादा तेव्हा अवघ्या काही एमबीची असे. आज गुगलच्या वैयक्तिक खात्यावर १५ जीबी जागा मोफत मिळते. मात्र जीमेलमधील पत्रे, ड्राइव्हमधील फाइली आणि गुगल फोटोजमधील छायाचित्रे या तिघांत मिळून ती वापरायची असते. मायक्रोसॉफ्टच्या 'वनड्राइव्ह'वर आणि अॅपलच्या 'आयक्लाउड'वर प्रत्येकी ५ जीबी, तर 'ड्रॉपबॉक्स'वर २ जीबी जागा मोफत असते.

सामायिक फोल्डरचा भार कोणाच्या खात्यावर टाकायचा, याबाबत मात्र या कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात. एकीत फाइल ज्याची त्याच्यावर भार, दुसरीत फोल्डर ज्याचे त्याच्यावर भार आणि तिसरीत फोल्डरमध्ये सामील झालेल्या प्रत्येकावर भार.

गुगल ड्राइव्ह : फाइल ज्याची, भार त्याचा

गुगल ड्राइव्हवर प्रत्येक फाइलला एक मालक असतो. वैयक्तिक खात्यांच्या बाबतीत जो फाइल चढवितो तोच तिचा मालक ठरतो, मग ती फाइल कोणाच्याही फोल्डरमध्ये का ठेवलेली असेना. जागा मोजली जाते ती फक्त त्या मालकाच्या खात्यात. 'माझ्यासोबत शेअर केलेले' या यादीत शेकडो फाइली दिसत असल्या तरी त्यांनी आपली जागा तसूभरही व्यापलेली नसते. त्यामुळे त्या यादीतून फाइली काढून टाकल्या तरी आपल्या १५ जीबींत काही भर पडत नाही.

इतरांच्या फोल्डरचा 'शॉर्टकट' आपल्या ड्राइव्हमध्ये ठेवला तरी जागा लागत नाही. 'कॉपी बनवा' हा पर्याय निवडला, तर मात्र एक नवी फाइल तयार होते. तिचे मालक आपण आणि तिचा भारही आपल्यावर.

या नियमाला एक लक्षात ठेवण्याजोगा अपवाद आहे. गुगल फॉर्ममधून लोकांकडून कागदपत्रे किंवा छायाचित्रे मागविली, तर ती फॉर्म तयार करणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जमा होतात. शाळेच्या स्पर्धेसाठी शिक्षकाने स्वतःच्या खात्यावरून फॉर्म काढला आणि विद्यार्थ्यांनी त्यावर चित्रफिती पाठविल्या, तर जागा भरेल ती त्या शिक्षकाची.

गुगल डॉक्स आणि शीट्सबद्दलही एक जुना समज अजून टिकून आहे. या फाइली जागेच्या हिशेबात धरल्या जात नाहीत, असे अनेकांना वाटते. १ जून २०२१ पासून नव्याने तयार केलेल्या अशा फाइली मोजल्या जातात.

वनड्राइव्ह, आयक्लाउड : फोल्डर ज्याचे, भार त्याचा

वनड्राइव्हवर फोल्डरच्या मालकाने इतरांना बदल करण्याची मुभा दिली आणि त्यांनी तेथे फाइली टाकल्या, तर त्या सर्वांचा भार फोल्डरच्या मालकावर पडतो. आयक्लाउड ड्राइव्हच्या सामायिक फोल्डरचेही तसेच आहे. पाहुण्यांनी आणलेले सामान यजमानाच्या माळ्यावर चढावे, तसा हा प्रकार आहे. इतरांना काहीच झळ बसत नाही, पण यजमानाची जागा त्याच्या नकळत भरत जाते.

ज्याला आपली जागा जपायची आहे, त्याने अशा फोल्डरवर 'फक्त पाहण्याची' मुभा द्यावी आणि बदल करण्याची मुभा मोजक्याच व्यक्तींना द्यावी.

ड्रॉपबॉक्स : भार सर्वांवर

ड्रॉपबॉक्सच्या वैयक्तिक खात्यांवर सामायिक फोल्डर स्वीकारले की त्याचा संपूर्ण आकार प्रत्येक सदस्याच्या जागेतून वजा होतो. १ जीबीच्या फोल्डरमध्ये पाच जण सामील असतील, तर पाचही जणांचा प्रत्येकी १ जीबी खर्ची पडतो. पुरेशी जागा शिल्लक नसेल, तर फोल्डरमध्ये सामील होता येत नाही. मात्र सामील न होता नुसत्या लिंकवरून फाइल पाहिली, तर पाहणाऱ्याची जागा खर्च होत नाही.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. जागा मोकळी करायची असेल, तर सामायिक फोल्डर सोडावे. त्याच्या आतील फाइली पुसू नयेत. बदल करण्याची मुभा असलेल्या सदस्याने आतील फाइल पुसली की ती सर्वांकडून नाहीशी होते. मोफत खात्यावर ती ३० दिवसांच्या आत परत आणता येते, पण तोवर कोणाच्या लक्षात आले तर!

एक उदाहरण

हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. पेणच्या एका मूर्तिकाराने यंदाच्या नमुन्यांची ३०० छायाचित्रे काढली, असे समजा. प्रत्येक छायाचित्र ४ एमबीचे धरल्यास १,२०० एमबी होतात. शिवाय प्रत्येकी १०० एमबीच्या १० चित्रफिती, म्हणजे आणखी १,००० एमबी. एकूण सुमारे २.२ जीबी. हे फोल्डर तो दादरच्या व्यापाऱ्याला आणि रोह्यातील हिशेबनिसाला खुले करतो. पुढे व्यापारी त्यात आपल्याकडील सजावटीची १ जीबी छायाचित्रे टाकतो.

गुगल ड्राइव्हवर मूर्तिकाराचे २.२ जीबी आणि व्यापाऱ्याचा १ जीबी खर्च होईल. हिशेबनिसाचे काहीच जाणार नाही. वनड्राइव्हवर सगळे ३.२ जीबी एकट्या मूर्तिकाराच्या ५ जीबींतून जातील आणि त्याच्याकडे १.८ जीबीच उरतील. ड्रॉपबॉक्सवर तर मोफत खात्याची मर्यादाच २ जीबीची असल्याने हे फोल्डर मूर्तिकाराच्या स्वतःच्या खात्यातही मावणार नाही, मग इतरांच्या खात्यात मावण्याचा प्रश्नच नाही. फाइली त्याच, माणसे तीच, पण सेवा बदलली की भाराचे गणित असे बदलते.

छायाचित्रे आणि व्हॉट्सअॅप

जागा खाणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बहुधा फोल्डर नसून छायाचित्रे हेच असते. गुगल फोटोजवर ठरावीक दर्जाची छायाचित्रे अमर्याद ठेवण्याची मोफत सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यापूर्वी त्या सवलतीत चढविलेली छायाचित्रे आजही हिशेबात धरली जात नाहीत. सामायिक अल्बममध्ये दुसऱ्याने टाकलेले छायाचित्र नुसते पाहिले तर आपली जागा जात नाही, परंतु ते आपल्या संग्रहात जतन केले तर जाते.

अॅपलकडे दोन सारख्या नावांच्या सोयी आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. आयक्लाउडचे 'सामायिक अल्बम' कोणाच्याच जागेत मोजले जात नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या 'सामायिक छायाचित्र संग्रहा'तील सर्व छायाचित्रे मात्र तो संग्रह सुरू करणाऱ्याच्या खात्यावर मोजली जातात.

व्हॉट्सअॅपचा गट हेही एक न कळणारे सामायिक फोल्डरच म्हणावे लागेल. गटावर आलेली चित्रफीत प्रत्येक सदस्याच्या मोबाइलमध्ये उतरते आणि तेथून ज्याच्या त्याच्या बॅकअपमध्ये जाऊ शकते. अँड्रॉइड मोबाइलवरील हा बॅकअप २०१८ च्या अखेरीपासून गुगलच्या जागेत मोजला जात नसे. ती सवलतही डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने संपुष्टात आली. चाळीस सदस्यांच्या गटावर एक चित्रफीत टाकणे म्हणजे चाळीस खात्यांवर तिचा भार टाकण्याची शक्यता निर्माण करणे होय. तीच चित्रफीत ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठविली, तर भार एकाच खात्यावर राहतो.

जागा संपली तर काय होते?

गुगलची जागा पूर्ण भरली की ड्राइव्हवर नवी फाइल चढविता येत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे जीमेलवर पत्र पाठविता येत नाही आणि येणारे पत्रही स्वीकारले जात नाही. हंगामाच्या तोंडावर मागणीचे पत्रच पोहोचले नाही, तर व्यापाराचे नुकसान किती, हे सांगायला नको. त्याशिवाय मालकाची जागा भरलेली असेपर्यंत त्याच्या डॉक्स किंवा शीट्समध्ये त्याला स्वतःलाच नव्हे, तर ज्यांच्यासाठी ती खुली केली आहे त्यांनाही बदल करता येत नाहीत. म्हणजे ज्या शीटवर दहा जण नोंदी करीत आहेत, ती एका माणसाच्या भरलेल्या खात्यामुळे सर्वांसाठी गोठते.

दोन वर्षे सलग मर्यादेपेक्षा अधिक जागा वापरली गेली, तर खात्यातील मजकूर पुसण्याचा अधिकार गुगलने स्वतःकडे ठेवला आहे. दोन वर्षे अजिबात न वापरलेली वैयक्तिक खातीही पुसली जाऊ शकतात. या नियमाची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. मोबाइल कंपन्यांच्या योजनांतून ठरावीक मुदतीसाठी जादा जागा मोफत मिळते, तेव्हा तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवायला हवी. मुदत संपली की जागा पूर्ववत होते, साठविलेल्या फाइली मात्र तेवढ्याच राहतात.

रोहा स्थानकाची हद्द

पनवेलहून पेणमार्गे येणाऱ्या गाडीतील प्रवाशाला जाणवतही नाही, पण रोहा येथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. रूळ सलग असतात, डबा तोच असतो, खिडकीतील माणूसही जागचा हलत नाही. बदलते ते एवढेच की पुढच्या रुळांची देखभाल दुसऱ्याकडे जाते. दरड कोसळली तर ती कोणी उपसायची, हे त्या हद्दीवरून ठरते.

सामायिक फोल्डरमध्येही अशी एक न दिसणारी हद्द असते. पडद्यावर सर्व फाइली एकाच रांगेत दिसतात, पण त्यातील एक आपली, दुसरी भावाची, तिसरी व्यापाऱ्याची असू शकते. आणि जागेचा भार ज्याच्यावर, फाइल राखण्याचा किंवा पुसण्याचा अंतिम अधिकारही त्याचाच. गुगल ड्राइव्हवर मालकाने आपली फाइल कायमची पुसली, तर ती इतरांनाही दिसेनाशी होते. त्याचे खाते बंद झाले तरी तेच घडते. दुसऱ्याच्या जागेत फुकट राहणाऱ्या फाइलीची खरी किंमत ही आहे. आपली जागा वाचते, पण फाइलीवरचा हक्कही आपला राहत नाही.

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने लग्नकार्यांची छायाचित्रे आपल्या खात्यावर जमविली आणि मुलानातवंडांना ती पाहण्यासाठी खुली केली. सर्वांना वाटते, आपल्याकडे छायाचित्रे आहेत. पुढे ती व्यक्ती राहत नाही, खाते कोणी उघडत नाही, दोन वर्षे उलटतात. त्यानंतर ती छायाचित्रे राहतीलच, याची शाश्वती देता येत नाही. यावर उपाय आहेत. गुगलच्या 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' या सोयीत खाते ठरावीक काळ न वापरल्यास मजकूर कोणाच्या हाती द्यायचा, ते आधीच नोंदविता येते. अॅपलकडेही डिसेंबर २०२१ पासून 'वारसा संपर्क' नेमण्याची सोय आहे.

कुटुंब आणि संस्थांसाठी

जागा विकत घेताना 'सामायिक' या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा. गुगल वनची जागा घेणाऱ्याला ती कुटुंबातील आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. एकाने अधिक वापरली तर इतरांना कमी उरते. आयक्लाउडच्या विकत घेतलेल्या जागेचेही असेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या कौटुंबिक योजनेत मात्र सहा जणांपर्यंत प्रत्येकाला १ टीबी स्वतंत्र जागा मिळते. जागा वाटून घेतली म्हणजे फाइली एकमेकांना दिसतात, असे मात्र नाही. फाइली ज्याच्या त्याच्या खासगीच राहतात.

मंडळे, पतसंस्था आणि शाळा यांची अडचण वेगळी असते. कारभार संस्थेचा, पण फाइली सचिवाच्या वैयक्तिक खात्यावर! सचिव बदलला की इतिवृत्ते, पावत्या आणि सभासदांची यादी त्याच्याबरोबर जाते. गुगलच्या संस्थात्मक सेवेत 'शेअर्ड ड्राइव्ह' नावाची सोय आहे. त्यातील फाइली व्यक्तीच्या नसून संस्थेच्या असतात आणि जागाही संस्थेच्या एकत्रित वाट्यातून मोजली जाते. ही जागाही अमर्याद नाही. शिक्षणसंस्थांना पूर्वी मिळणारी अमर्याद जागा जाऊन त्याऐवजी संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टीबी अशी मर्यादा आली; जुन्या ग्राहक संस्थांना ती जुलै २०२२ पासून लागू झाली.

काय करावे?

सामायिक फोल्डर सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात.

१. मालक कोण, हे आधी ठरवावे. व्यवसायासाठी वा संस्थेसाठी स्वतंत्र खाते उघडून मूळ फाइली तेथेच ठेवाव्यात. त्या खात्याची माहिती किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावी.

२. दुसऱ्याला फाइल पाहायचीच असेल, तर ई-मेलला जोडण्याऐवजी लिंक पाठवावी. जोडलेली फाइल पाठविणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोन्ही खात्यांत जागा घेते.

३. जी फाइल गमावणे परवडणार नाही, तिची प्रत मात्र आपल्या खात्यात अवश्य करावी. जमिनीचे कागद, विम्याची कागदपत्रे, निवडक कौटुंबिक छायाचित्रे यांसाठी खर्ची पडलेली जागा ही वाया गेलेली जागा नव्हे.

४. जागा मोकळी करताना प्रथम आपल्या मालकीच्या मोठ्या फाइली शोधाव्यात. गुगल ड्राइव्हवर फाइली आकारानुसार लावून पाहता येतात. पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते आणि तोवर जागाही व्यापते. म्हणून खात्री करून कचरापेटी रिकामी करावी.

५. दुसऱ्याच्या फोल्डरमधील फाइल जागेसाठी पुसू नये. गुगलवर आणि वनड्राइव्हवर त्याचा आपल्या जागेला उपयोग नाही आणि ड्रॉपबॉक्सवर फोल्डर सोडणे हाच योग्य मार्ग आहे.

६. गुगल ड्राइव्हवर फोल्डरची मालकी दुसऱ्याकडे सोपविली, तरी आतील फाइलींची मालकी आपोआप बदलत नाही, हे विसरू नये.

शासकीय कागदपत्रांसाठी १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या 'डिजिलॉकर'चाही विचार करावा. तेथे स्वतः चढविलेल्या कागदांसाठी १ जीबीची मर्यादा आहे. संबंधित विभागाने 'जारी केलेली' कागदपत्रे मात्र त्या विभागाच्या नोंदीशी जोडलेल्या दुव्याच्या रूपात मिळतात.

सामायिक फोल्डरमुळे जागा वाचते हे खरे. पण ती वाचलेली जागा कोणीतरी दुसरा आपल्यासाठी राखत असतो. तो कोण, त्याची जागा किती उरली आहे आणि तो नसेल तेव्हा फाइलींचे काय होईल, हे तीन प्रश्न आजच विचारलेले बरे. पेणच्या कारखान्यात ऐन हंगामात नमुन्यांचे फोल्डर शोधत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.